रोज वचन वाचूनही मनात आधी वाईटच का येतं? सांगलीच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

सलाम ताई.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. घर सांगलीत, यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, मुलगा दहावीत, सासूबाई तुमच्याजवळ. सासूबाईंच्या पेन्शनचं पासबुक भरायला तुम्ही बँकेत गेलात आणि ₹ १८,००० काढलेले दिसले. पुण्याच्या दिरांनी फ्लॅट घेतलाय, त्यांना हप्ते जड जातायत, हे घरात सगळ्यांना माहीत. तुम्ही घरी पोचेपर्यंत मनात सगळं जुळवून टाकलंत आणि रात्री नणंदेला फोन केलात, ‘बघा, परत धाकट्यालाच.’ नणंदेने सकाळी आईला फोनवर विचारलं. तेव्हा कळलं की ते पैसे मिरजेत दाताच्या डॉक्टरांकडे कवळीसाठी भरलेत. सांगायची लाज वाटली म्हणून त्या गप्प होत्या. तेव्हापासून सासूबाई ताटावर येतात, जेवतात, उठून जातात, तुमच्याशी एक शब्द नाही. तुमचं विचारणं दोन गोष्टींचं आहे. रोज बायबलचं वचन वाचून, दर रविवारी उपासनेला जाऊनही मन आधी वाईटाकडेच का धावतं? आणि आता त्यांच्याशी बोलायचं तरी काय?

मिरज-सांगली भागातल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये मी कुटुंबांबरोबर समुपदेशनाचं काम करते. आमच्यापुढे येणाऱ्या भांडणांत दारू, पैसा, जमीन ही कारणं असतातच. पण बऱ्याचदा त्यांच्या आधी काहीतरी झालेलं असतं: कुणीतरी कुणाच्या मनातलं परस्पर वाचून टाकलेलं असतं. ‘त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला नका सांगू, मी चौदा वर्षं या घरात आहे.’ हे वाक्य कानावर पडलं की पुढचं भांडण कुठल्या वळणाने गेलं असेल याचा अंदाज येतो.

बँकेच्या दारात तुमच्या मनात दिरांचं नाव आलं, त्याला मी फार मोठं करणार नाही. विचार येतात. रात्रीचा फोन ही मात्र वेगळी गोष्ट आहे. बँकेतून आल्यापासून रात्रीपर्यंत सासूबाई त्याच घरात होत्या. तुम्ही त्यांना चहा दिला असेल, संध्याकाळची औषधं काढून दिली असतील. एवढ्या वेळात एकदाही त्यांना विचारलं गेलं नाही, आणि ज्या बाईला त्या व्यवहारातलं काहीच माहीत नव्हतं तिला मात्र निकाल कळवला गेला. तुमच्या पत्रातली अडचणीची जागा मला ही दिसते.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही, पण बोलायला हवं. पैसे कुणाचे होते? सासऱ्यांच्या मागे सासूबाईंना मिळणारी ती पेन्शन. पासबुक भरून आणणं हे तुमचं काम असेल. त्यातल्या नोंदींचा जाब मागणं तुमच्याकडे कुणी दिलेलं नाही. समजा त्यांनी खरोखर धाकट्या मुलाला पैसे दिले असते, तरी तो त्यांचा अधिकार होता. मला वाटतं घरातल्या निम्म्या संशयांच्या मुळाशी हे असतं. जे आपल्या अखत्यारीत नाही ते आपलंच आहे असं आधी मन धरून बसतं, आणि मग त्यात कुणीतरी हात घातल्यासारखं वाटतं. घर चालवणाऱ्या बाईच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण किराण्यापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं तिलाच बघायचं असतं. ती ओढाताण मी नाकारत नाही. तरीही.

आता, मन वाईटाकडेच का धावतं. परक्या माणसाबद्दल आपण इतक्या झटकन ठरवत नाही, कारण त्याची मागची खाती आपल्याकडे नसतात. घरच्यांची असतात. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी प्रत्येकाच्या नावाची पानं मनात भरलेली असतात, आणि नवी घटना घडली की तारीख घालून त्याच पानावर चढते. तुमच्या पत्रात एक ओळ होती: दिरांच्या लग्नात सासूबाईंनी तुम्हाला न विचारता दोन तोळ्यांची मोहनमाळ धाकट्या सुनेला घातली. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. मला वाटतं पासबुकात तुम्हाला ₹ १८,००० दिसले त्याच्या आधी ती मोहनमाळ दिसली. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीती अपकारांचा हिशोब ठेवत नाही असं म्हटलंय, ते लग्नाच्या उपासनेत आपण इतकं गोड आवाजात वाचतो की ते या असल्या मोहनमाळेबद्दल आहे हे लक्षात राहत नाही. मोहनमाळेचं दुःख खरं असेल तर त्याबद्दल कधीतरी वेगळं बोला. ते कवळीच्या पैशांवर वसूल करू नका.

मानसशास्त्रातही यावर बराच अभ्यास झालाय. ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये माणसाच्या एका सवयीला नाव दिलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या परिस्थितीकडे बघतच नाही. मला मिरजेहून यायला उशीर झाला तर बस मिळाली नाही. जाऊबाईंना उशीर झाला तर त्यांना वेळेची किंमत नाही. सासूबाई बोलल्या नाहीत त्याचं कारण तुम्ही त्यांच्या स्वभावात शोधलंत, ‘त्या धाकट्याच्या बाजूच्याच.’ तोंडातले दात गेलेत, बोळकं झालंय, आणि सुनेपुढे ते बोलून दाखवायची लाज वाटते, ही त्यांची परिस्थिती तुमच्या डोक्यात आली नाही. कुणाच्याच आली नसती कदाचित.

विश्वासाचं म्हणाल, तर आपल्याकडे एक समजूत पक्की आहे: प्रभूवर विश्वास आहे, रोज वचन वाचतो, म्हणजे असले विचार यायलाच नकोत; आणि आले तर आपला विश्वासच कच्चा. पवित्र शास्त्र तसं म्हणत नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडा. वल्हांडण सणाहून परतताना योसेफ आणि मरीया त्यांचा बारा वर्षांचा मुलगा येशू बरोबरच्या लोकांत असेल असं समजून एक दिवसाची वाट चालून गेले. कुणी खात्री केली नाही. मग नातलगांत, ओळखीच्यांत शोधाशोध, परत यरुशलेमेला, आणि तीन दिवसांनी मुलगा मंदिरात सापडला. देवदूताचं बोलणं प्रत्यक्ष ऐकलेली बाई आहे ही. तिच्याही घरात ‘असेल तिकडेच’ असं धरून चाललं गेलं.

मला त्या प्रसंगातला पुढचा भाग जास्त उपयोगी वाटतो. मुलगा दिसल्यावर मरीया त्याला विचारते, बाळा, तू आमच्याशी असा का वागलास, तुझे वडील आणि मी कष्टी होऊन तुला शोधत होतो. विचारलं थेट त्याला, आणि आपल्यावर काय बीतलं तेही सांगितलं. येशूने उत्तर दिलं. लूक स्पष्ट लिहितो की ते उत्तर त्यांना समजलं नाही. तरी ते तिघं नासरेथला परत गेले, मुलगा त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि मरीयेने त्या गोष्टी मनात ठेवल्या. विचारल्यावर समाधान होईलच असं नाही, हे लोकांना पटत नाही. ‘विचारलं की ताई मी, पण नीट सांगितलंच नाही त्यांनी,’ म्हणजे जणू आता वाटेल ते समजायला मोकळीक मिळाली. काही उत्तरं अर्धी मिळतात, आणि तेवढ्यावर त्याच घरात राहायचं असतं.

खुद्द देवाबद्दल उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात काय लिहिलंय बघा. सदोम आणि गमोरा या शहरांच्या पापाची ओरड वर आली आहे, आणि परमेश्वर म्हणतो, मी खाली जाऊन बघतो, कानावर आलंय तसंच त्यांनी केलंय का. नसेल तर तेही कळेल. ज्याला सगळं ठाऊक आहे तो खाली उतरून बघतो म्हणतो. आपण पासबुकाची एक ओळ बघून वरूनच निकाल देतो. हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून विश्वास शिकवणारं जुनं प्रॉटेस्टंट पुस्तक, १५६३ ची. नवव्या आज्ञेचा अर्थ सांगताना, म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको या आज्ञेचा, ती म्हणते की कुणालाही घाईने, त्याचं ऐकून न घेता दोषी ठरवू नये, आणि ठरवणाऱ्यांत सामीलही होऊ नये. आपल्या भागात मिशनचं काम प्रेसबिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाचं. मिरजेचा दवाखाना उभारणारे वॉन्लेस डॉक्टर त्याच मिशनचे. त्या परंपरेची वेस्टमिन्स्टरची मोठी प्रश्नोत्तरी आणखी बारकाईने सांगते: दुसऱ्याच्या हेतूंचा, शब्दांचा, कृतींचा विपरीत अर्थ लावणं हेही या आज्ञेचं उल्लंघन. खोटी साक्ष म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं. तुमचा रात्रीचा फोन आठवत नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत, तुम्हाला ते खरंच वाटत होतं, हे मी मान्य करते. पण नणंदेच्या कानात सासूबाईंविरुद्ध साक्ष गेली, आणि ती खोटी होती.

यहोशवाच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय आमच्याकडे प्रवचनात फारसा येत नाही. यावा असं मला फार वाटतं. इस्राएलच्या वंशांपैकी रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश यार्देन नदीपलीकडे आपल्या वतनात परतताना नदीकाठी एक भली मोठी वेदी बांधतात. नदीअलीकडच्या बाकीच्या वंशांच्या कानावर ती बातमी जाते. हे आता वेगळी उपासना करणार, देव सोडणार, असं धरून सगळे लढाईसाठी शिलो इथे गोळा होतात. भाऊबंदांवर तलवार काढायची तयारी झालेली. पण निघण्याआधी ते फिनहास याजकाला आणि दहा सरदारांना पुढे पाठवतात. ही मंडळी जाऊन गोड बोलत नाहीत, चांगली फैलावर घेतात. मात्र त्याच दमात म्हणतात, तुमचा मुलूख तुम्हाला अशुद्ध वाटत असेल तर इकडे या, आमच्यात वाटा घ्या. आपली जमीन देऊ करतात! मग पलीकडचे सांगतात: अहो, ही वेदी यज्ञासाठी नाहीच. उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणतील, यार्देनेपलीकडच्यांचा आमच्या देवाशी काय संबंध. म्हणून ही साक्ष उभी केली. फिनहासला ते पटतं, तो परत येऊन सांगतो, आणि लढाईचं नावही उरत नाही.

दोन्ही बाजूंनी बघा. अलीकडच्यांनी घाई केली, पण विचारल्याशिवाय पाऊल उचललं नाही. आणि पलीकडच्यांनी एवढी मोठी वेदी बांधली ती कुणाला न सांगता. विचारायला कुणी आलं नसतं तर? घरात गुप्तता असली की कल्पना धावतात. सासूबाईंनी सांगितलं असतं तर हे झालं नसतं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. ते फक्त आत्ता त्यांना ऐकवू नका.

दिवाळीच्या फराळाचं असंच होतं. हिंदू शेजारी ताट देत नाहीत म्हणून आपण म्हणतो, आपल्याला वेगळं समजतात. ते म्हणत असतात, यांना चालत नसेल, उगाच कशाला अवघडायचं. वर्षानुवर्षं दोन्ही घरं मनात खट्टू, आणि मधे एक भिंत.

आता मंडळीतल्या माझ्या सगळ्यात जुन्या तक्रारीकडे येते. प्रार्थनेच्या नावाखाली आपण किती संशय पोसतो! घरसभेत, महिला मंडळात प्रार्थनाविनंत्या सुरू होतात. ‘आमच्या घरासाठी प्रार्थना करा. सासूबाईंचं मन जरा... तुम्हाला माहीतच आहे.’ कुणी काही विचारत नाही, सगळ्या माना डोलावतात. चहा येईपर्यंत सासूबाईंचा निकाल लागलेला असतो, आणि त्या पुढच्या रविवारी आपल्या नेहमीच्या बाकावर येऊन बसतात, चार जणी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात, त्यांना कळत नाही का. मी महिला मंडळात सांगते की विनंती करताना आपल्याबद्दल करावी. ‘माझ्या मनात घरातल्या एका माणसाविषयी संशय आलाय, मला थेट विचारायचं धैर्य मिळावं म्हणून प्रार्थना करा.’ एवढं पुरे. नाव नको, नातंही नको. बायकांना हे आवडत नाही, कारण यात सांगण्यासारखं काही उरत नाही.

याहून अवघड म्हणजे ‘प्रभूने मला दाखवलं’. पहाटे प्रार्थना करताना मनात आलं, म्हणजे ते वरूनच आलं. मग त्याच्यापुढे नवऱ्याचं, मुलाचं, सुनेचं काहीच चालत नाही. समोरच्याने खुलासा केला तरी तो जणू देवाला खोटं पाडतोय. थेस्सलनीकाकरांना पौल सगळ्याची पारख करायला सांगतो, योहानही आपल्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका म्हणतो. मी अशा वेळी एवढंच म्हणते: प्रभूने दाखवलं असेल तर तुम्ही त्या माणसाला विचारल्याने प्रभूचं काही बिघडणार नाही. मग विचारा.

विचारल्यावर गोड निघतंच असं मात्र नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतरचं एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. थोरला भाऊ सांगलीच्या गावभागात, धाकटा मिरजेत. कृष्णेचं पाणी चढलं, थोरल्याचं कुटुंब शाळेतल्या छावणीत गेलं, आणि धाकट्याचा फोन आला नाही. पूर ओसरल्यावर घरातला गाळ काढताना थोरल्याने ठरवून टाकलं: याला आपली अडचण झाली असती. नंतर नाताळला दोन्ही घरं एकाच चर्चमध्ये, वेगळ्या बाजूंना. पुढे दोघांना समोरासमोर बसवलं, तेव्हा धाकटा म्हणाला की फोन केला होता, लागत नव्हता. थोरल्याचा मोबाईल चार्जिंगविना बंद होता. इथवर ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. मग धाकट्याची बायको म्हणाली, खरं सांगायचं तर मीच म्हटलं होतं की दोन खोल्यांत माझे आईवडील आधीच आलेत, आता आणखी कुठे. म्हणजे थोरल्याचा संशय निम्मा खरा निघाला.

तरी त्या दिवशी काहीतरी झालं. आधी थोरल्याच्या मनातला भाऊ निर्दयी होता. आता समोर एक घाबरलेली बाई होती, जिच्या दोन खोल्यांत तिचे म्हातारे आईवडील होते. तिच्यावर राग धरता येतो, तिला क्षमाही करता येते. मनाने रंगवलेल्या माणसाचं काहीच करता येत नाही. ते दोघं भाऊ आज गळ्यात गळे घालतात असं नाही, पण एकमेकांच्या घरी चहा घेतात.

एकाच बाजूचं ऐकून निकाल दिला की नुकसान पुरतं भरून निघत नाही, हेही शास्त्रात आहे. बंड केलेल्या मुलापुढून, अबशालोमापुढून पळताना दावीद राजाने चाकर सीबाचं ऐकून त्याच्या धन्याची, मफीबोशेथाची सगळी मालमत्ता तिथल्या तिथे सीबाला देऊन टाकली. पुढे मफीबोशेथाचं म्हणणं कानावर आल्यावर म्हणाला, निम्मी निम्मी घ्या. राजाला सुद्धा दिलेला शब्द पूर्ण मागे घेता आला नाही.

तर पुढच्या वेळी काय करायचं. मनात नाव आलं की स्वतःशी, शक्यतो ओठ हलवून, म्हणा: मी पाहिलं ते एवढंच, की ₹ १८,००० काढलेत, दिरांना दिले, हे मी जोडलंय. ही सवय लागायला वेळ लागतो, सुरुवातीला वेडेपणा वाटतो. मग ठरवा, हे विचारणं माझं काम आहे का. नसेल तर सोडा. असेल, किंवा काळजी वाटत असेल, तर विचारा. पण ‘पैसे कुणाला दिलेत?’ असं नको. त्यात उत्तर आधीच भरलंय. सासूबाई दुपारी शेंगा फोडायला किंवा मेथी निवडायला बसल्या की शेजारी बसा, तुमचेही हात कामात असू देत, आणि म्हणा, ‘आई, पासबुक भरून आणलं. पैसे काढलेले दिसले. काही अडचण नाही ना?’ स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून नको, नातवासमोर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. त्या ‘काही नाही गं’ म्हणाल्या तर ‘बरं’ म्हणा आणि मेथी निवडा. ‘नाही, तरी पण...’ सुरू केलंत की तो जाब झाला. याकोब ऐकायला तत्पर, बोलायला धीमे, रागाला मंद असा क्रम लावतो. आपल्याकडे तो बरोबर उलटा चालतो.

आता आत्ताचं. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एली याजक मंदिराच्या दाराशी बसलाय. हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करतेय, ओठ हलतायत, आवाज नाही. एलीला वाटतं बाई प्यायली आहे, आणि तो तसं बोलतोही. हन्ना म्हणते, नाही स्वामी, मी फार दुःखी आहे, परमेश्वरापुढे मन मोकळं करतेय. यावर एली काय करतो? ‘मग मोठ्याने प्रार्थना करायची ना’ म्हणत नाही. आजकाल बायका कशा वागतात हे सांगत नाही. शांतीने जा, देव तुझं मागणं पुरवो, एवढं म्हणतो आणि संपवतो. चूक कळल्यावर खुलासा देत बसला नाही, हे मला एलीचं आवडतं. बाकी त्याचं स्वतःचं घर त्याला सांभाळता आलं नाही, ती गोष्ट निराळी.

तुम्हीही तेवढंच करा. ‘आई, मी तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल बोलले. माझं चुकलं. मला क्षमा करा.’ इथे थांबा. ‘पण तुम्ही सांगितलं असतंत तर’ हे जिभेवर येईल, ते गिळा. ‘मला वाटलं की’ सुद्धा नको. त्या लगेच विरघळणार नाहीत, कदाचित चार बोल ऐकवतील, मोहनमाळेपर्यंत जातील. ऐका. कवळीचा विषय तुम्ही काढू नका, त्यांची लाज तिथेच आहे. मुलालाही बजावा की आजीची थट्टा नको. कवळी बसली की सुरुवातीचे काही दिवस हिरड्या दुखतात, टोचतं, मग म्हातारी माणसं ती काढून डबीत ठेवून देतात. टोचत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन घासून घ्यायला हवी, हे त्यांना सांगणारं कुणीतरी लागेल. आणि तोवर ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, भात जरा मऊ. हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक सापळा आहे, तो टाळा. संध्याकाळच्या कुटुंबउपासनेत सगळ्यांसमोर ‘हे प्रभू, मी आईंवर संशय घेतला, मला क्षमा कर’ असं मोठ्याने म्हणायचा मोह होईल. त्या शेजारी डोळे मिटून बसलेल्या असतील, ऐकतील, आणि त्यांना आमेन म्हणावंच लागेल. ही क्षमा मागणं नव्हे, ही क्षमा काढून घेणं झालं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. आधी स्वयंपाकघरात, मग प्रार्थनेला.

हे सगळं मी कुठे लागू करत नाही, तेही सांगते, कारण या वचनांनी बायकांची तोंडं बंद केलेली मी पाहिली आहेत. नवरा मारतो, पिऊन येतो, घरात सावकारी कर्जाचे लोक धमकवायला येतात, तिथे ‘चांगलं तेच गृहीत धर’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. कुठल्या वचनाची वाट न बघता मदत मागा: महिलांसाठी १८१, तातडीला ११२, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. आणि लेकराच्या अंगाला कुणी हात लावल्याची शंका आली, तर त्या माणसाला एकांतात गाठून विचारत बसायचं नाही, तो नात्यातला असो की मंडळीतला. मुलाला जवळ घ्या, १०९८ ला फोन करा. मत्तयच्या अठराव्या अध्यायातलं ‘तू आणि तो एकांती’ हे भावाभावांतल्या अपराधाबद्दल आहे. गुन्हा पोलिसांकडे जातो.

तुमच्या घरात तसं काही नाही. तुमच्याकडे एक चुकीचा फोन झालाय, आणि तो ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत यायला हवा. म्हणून यजमानांना आधी सांगा, म्हणजे त्यांना बाहेरून कळणार नाही. सासूबाईंशी बोला. आणि त्याच दिवशी नणंदेला फोन करून म्हणा, ‘मी त्या रात्री आईंबद्दल जे बोलले ते चूक होतं, मी त्यांची क्षमा मागितली आहे.’ दिरांचंही नाव घेतलं होतंत, तेही तिच्यापाशीच दुरुस्त करा. दिरांच्या कानावर ते गेलं नसेल तर मुद्दाम त्यांना फोन करून सांगायची गरज नाही. नणंद म्हणेल, जाऊ दे गं, एवढं काय. तरी वाक्य पूर्ण बोला. रविवारी प्रभुभोजन असेल तर त्याच्या आधीच हे उरका, आणि नणंदेने पहिल्या वेळी उचलला नाही तर त्याचा काही अर्थ लावू नका, संध्याकाळी परत लावा.